घरच्या कॉम्प्युटरला व्हायरसपासून सांभाळायचं तर: एका संध्याकाळीत करायची कामं

गेल्या पावसाळ्यात एक निवृत्त गुरुजी माझ्या कॉम्प्युटरच्या दुकानात लॅपटॉप घेऊन आले. "अरे, चालू करतो आणि चहा पिऊन येतो, तरी ते गोल फिरतच असतं." उघडून पाहिलं तर आत तीन अँटिव्हायरस. एक लॅपटॉपबरोबर आलेला, त्याची फुकटची मुदत कधीच संपलेली. दुसरा पुतण्याने घालून दिलेला. तिसरा म्हणजे कुठल्याशा जाहिरातीवर क्लिक केल्यावर आलेला एक 'क्लीनर'. तो रोज सकाळी लाल अक्षरांत शेकड्याने चुका दाखवायचा आणि दुरुस्त करायचे पैसे मागायचा. एवढा बंदोबस्त असूनही गुरुजींच्या पेनड्राइव्हमधल्या सगळ्या फोल्डरांचे शॉर्टकट झाले होते.

माझ्याकडे येणाऱ्या बहुतेक मशिनांत अँटिव्हायरस असतोच. तरी व्हायरस शिरतो, कारण कुणीतरी तो अँटिव्हायरस बंद केलेला असतो, किंवा तो 'नको' म्हणत असताना आपणच 'असू दे' म्हणून बटण दाबलेलं असतं. म्हणून या लेखात कुठला अँटिव्हायरस भारी याची चर्चा थोडी आहे आणि असलेल्याला नीट काम कसं करू द्यायचं यावर भर जास्त आहे. विंडोज ११ धरून लिहितोय. विंडोज १० मध्येही बहुतेक नावं तीच आहेत, जागा जरा इकडेतिकडे.

शब्दांचा घोळ आधीच मिटवतो. व्हायरस, वर्म, ट्रोजन, स्पायवेअर, रॅन्समवेअर असे अनेक प्रकार आहेत, पण दुकानात सगळ्यांना 'व्हायरस'च म्हणतात आणि मीही तसंच म्हणणार आहे. पूर्वीचे व्हायरस बरेचसे टवाळखोर असायचे. १९९० साली भारतात 'जोशी' नावाचा एक व्हायरस सापडला होता. दरवर्षी ५ जानेवारीला तो कॉम्प्युटर अडवून धरायचा आणि जोशीबुवांना वाढदिवसाच्या शुभेच्छा टाइप केल्याशिवाय सोडायचा नाही. आता वाढदिवस कुणी साजरे करत नाही. आताच्यांना तुमचे पासवर्ड हवे असतात, नाहीतर फोटो आणि हिशेबाच्या फायली कुलूपबंद करून खंडणी हवी असते.

पायरी १: पहारा कोणाचा आहे ते पाहा

स्क्रीनच्या खाली उजव्या कोपऱ्यात, घड्याळाच्या डावीकडे एक छोटा बाण असतो. त्यावर क्लिक केलं की चार-सहा चित्रं दिसतात. त्यातली निळी-पांढरी ढाल म्हणजे 'विंडोज सिक्युरिटी'. ढालीवर हिरवी खूण असेल तर ठीक. पिवळा त्रिकोण म्हणजे काहीतरी सांगायचं आहे. लाल फुली म्हणजे पहारा बंद आहे.

ढालीवर डबल क्लिक करा, 'व्हायरस अँड थ्रेट प्रोटेक्शन' उघडा. तिथे 'मॅनेज प्रोव्हायडर्स' अशी ओळ सापडेल. त्यात तुमच्या मशिनवर कोणकोणते अँटिव्हायरस नोंदलेले आहेत आणि त्यातला चालू कोणता, हे स्पष्ट दिसतं. अनेकांना इथे पहिल्यांदाच कळतं की मायक्रोसॉफ्टचा स्वतःचा 'डिफेंडर' नावाचा अँटिव्हायरस विंडोजमध्ये आधीपासूनच आहे. २०१२ साली विंडोज ८ आलं तेव्हापासून तो पूर्ण अँटिव्हायरस म्हणून फुकट मिळतो. त्याची वेगळी सीडी नाही, लायसन्स-की नाही आणि मुदतही नाही.

पायरी २: एकच ठेवा

अँटिव्हायरसचं काम असं चालतं: तुम्ही कुठलीही फाइल उघडली की ती तुमच्या हाती येण्याआधी तो तिला मध्येच थांबवून तपासतो. दोन अँटिव्हायरस असले की दोघंही तीच फाइल अडवतात. त्यात एकाने पकडून ठेवलेले व्हायरसचे नमुने दुसऱ्याला व्हायरस वाटतात. गुरुजींच्या लॅपटॉपवर फिरणारं गोल हे ह्या भांडणाचं होतं.

डिफेंडर या बाबतीत समंजस आहे. दुसरा अँटिव्हायरस बसवला की तो आपणहून बाजूला होतो आणि तो काढला की परत कामाला लागतो. तेव्हा 'सेटिंग्ज'मध्ये 'ॲप्स', त्यात 'इन्स्टॉल्ड ॲप्स' उघडा. मुदत संपलेला ट्रायल, दुसरा अँटिव्हायरस आणि 'क्लीनर', 'बूस्टर', 'ड्रायव्हर अपडेटर' नावाची जी काही मंडळी असतील ती अनइन्स्टॉल करा. प्रत्येक काढल्यावर मशिन रीस्टार्ट करा, सगळी एका दमात उपटू नका. एखादा अँटिव्हायरस चिवटपणे जात नसेल तर त्या कंपनीच्याच संकेतस्थळावर तो काढण्याचं वेगळं साधन असतं, ते वापरा. त्याचे फोल्डर हाताने डिलीट करत बसू नका, अर्धवट उरलेला अँटिव्हायरस पुऱ्या अँटिव्हायरसपेक्षा जास्त छळतो.

पायरी ३: विंडोज अपडेट, कितीही कंटाळा आला तरी

'अपडेट आलं की नेट संपतं' ही तक्रार मी रोज ऐकतो, आणि मोबाइलच्या हॉटस्पॉटवर लॅपटॉप चालवणाऱ्यांची ती खरीही आहे. पण एक हिशेब पाहा. १४ मार्च २०१७ ला मायक्रोसॉफ्टने विंडोजमधलं एक भोक बुजवणारं अपडेट दिलं. १२ मे २०१७ ला त्याच भोकातून 'वॉनाक्राय' नावाचा रॅन्समवेअर जगभर शिरला, फायली कुलूपबंद केल्या आणि सोडवायला ३०० डॉलर बिटकॉइनमध्ये मागू लागला. मध्ये जवळजवळ दोन महिने होते. ज्यांनी त्या दोन महिन्यांत अपडेट घेतलं, त्यांच्या मशिनात त्याला त्या भोकातून शिरता आलं नाही.

'सेटिंग्ज'मध्ये 'विंडोज अपडेट' उघडा, 'चेक फॉर अपडेट्स' दाबा, येईल ते घ्या, रीस्टार्ट करा, आणि पुन्हा दाबा. 'यू आर अप टू डेट' असं येईपर्यंत हे चालू ठेवा. बरेच दिवस बंद असलेल्या मशिनला तीन-चार फेऱ्या लागतात.

विंडोज १० वापरणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावं: १४ ऑक्टोबर २०२५ ला त्याची नेहमीची अपडेट्स बंद झाली. घरगुती वापरासाठी नोंदणी केली तर ऑक्टोबर २०२६ पर्यंतची वाढीव सुरक्षा अपडेट्स मिळतात, तेवढी नोंदणी 'विंडोज अपडेट'च्याच पानावरून होते. डिफेंडरच्या व्हायरस ओळखायच्या याद्या मात्र पुढेही येत राहणार आहेत. त्यामुळे 'माझा अँटिव्हायरस तर अपडेट होतोय' असं वाटून फसायला होतं. यादी चोरांचे चेहरे ओळखायला उपयोगी, मोडलेली कडी तिने बसत नाही. विंडोज ७ ची अपडेट्स तर जानेवारी २०२० मध्येच थांबली. छपाईची पानं जुळवायचं जुनं डीटीपी सॉफ्टवेअर आणि त्याचं डोंगल (जे लावल्याशिवाय ते चालत नाही) सांभाळायला काही प्रेसवाल्यांनी अशी मशिनं अजून ठेवली आहेत. ठेवा, पण त्याची नेटची वायर काढून ठेवा आणि त्यावर बँक उघडू नका.

पायरी ४: बटणं तपासा, आणि एक रिकामी यादी

'व्हायरस अँड थ्रेट प्रोटेक्शन'मध्ये 'मॅनेज सेटिंग्ज' उघडा. वरून खाली ही बटणं चालू हवीत: 'रिअल-टाइम प्रोटेक्शन', म्हणजे फाइल उघडता क्षणी तपासणी, 'क्लाउड-डिलिव्हर्ड प्रोटेक्शन', म्हणजे नवीन संशयास्पद फाइल दिसली की मायक्रोसॉफ्टच्या सर्व्हरला विचारून घेणं, आणि 'टॅम्पर प्रोटेक्शन', म्हणजे दुसऱ्या कुठल्या प्रोग्रॅमला ही बटणं परस्पर बंद करता येऊ नयेत याची सोय.

मग त्याच पानावर तळाशी या. 'एक्स्क्लूजन्स' नावाची ओळ आहे. तिथे 'अ‍ॅड ऑर रिमूव्ह एक्स्क्लूजन्स' दाबा. ही यादी म्हणजे 'इथे तपासू नकोस' असं अँटिव्हायरसला सांगितलेल्या जागा. घरच्या मशिनवर ती रिकामी असायला हवी. गुरुजींच्या मशिनवर त्या यादीत अख्खा सी ड्राइव्ह होता! पुतण्याने मायक्रोसॉफ्ट ऑफिसचं पॅकेज न विकत घेता 'ॲक्टिव्हेट' करायला नेटवरून एक छोटा प्रोग्रॅम आणला होता. त्याच्याबरोबरच्या सूचनांत पहिलं वाक्य होतं, 'आधी अँटिव्हायरस बंद करा.' त्याने बंद केला. त्या प्रोग्रॅमने आपलं काम केलं, जाताजाता सी ड्राइव्ह या यादीत टाकला, आणि पुतण्याने अँटिव्हायरस परत चालू केला. ढाल पुन्हा हिरवी दिसायला लागली, पण आत तपासायला काही उरलंच नव्हतं.

क्रॅक, की-जनरेटर, ॲक्टिव्हेटर यांच्याबद्दल माझं मत त्यामुळे एकदम साधं आहे. जो प्रोग्रॅम बसण्यासाठी पहारा उठवायला सांगतो, तो बसवू नका. ऑफिस विकत घ्यायचं नसेल तर लिब्रेऑफिस फुकट आहे, कायदेशीर आहे, त्यात मराठीही व्यवस्थित चालतं.

आणखी एक बटण वेगळ्या जागी लपलेलं आहे. ढालीच्याच खिडकीत 'ॲप अँड ब्राउझर कंट्रोल', त्यात 'रेप्युटेशन-बेस्ड प्रोटेक्शन सेटिंग्ज'. तिथे 'पोटेन्शियली अनवाँटेड ॲप ब्लॉकिंग' चालू करा आणि खालच्या दोन्ही चौकोनांत टिक करा. ते 'क्लीनर' प्रकरण याच जातीत मोडतं: कायद्याच्या भाषेत व्हायरस नाही, पण घरात नको असलेला पाहुणा.

एवढं झालं की मी ग्राहकासमोर एक छोटी परीक्षा घेतो. 'आयकार' या युरोपीय संस्थेने अँटिव्हायरस तपासण्यासाठीच एक फाइल बनवली आहे. फक्त ६८ अक्षरांची, पूर्ण निरुपद्रवी, पण सगळे अँटिव्हायरस ठरवून तिला व्हायरस समजतात. आयकारच्या संकेतस्थळावरून ती डाउनलोड करायला गेलं की कोपऱ्यात 'थ्रेट्स फाउंड' अशी सूचना आली पाहिजे. आली नाही तर वरच्या चारही पायऱ्या परत पाहायच्या.

पायरी ५: पहिली पूर्ण तपासणी

'स्कॅन ऑप्शन्स' उघडा. 'क्विक स्कॅन' फक्त व्हायरस सहसा बसतात त्या जागा पाहतो. पहिल्यांदा 'फुल स्कॅन' करा. चार्जर लावा, झाकण उघडं ठेवा, स्लीप बंद करा, आणि झोपा. जुन्या हार्डडिस्कवर हे काम तासन् तास चालतं, एसएसडी (नव्या प्रकारची वेगवान डिस्क) असेल तर बरंच लवकर.

ज्यांना आधीच संशय आहे त्यांनी त्यानंतर त्याच यादीतला 'मायक्रोसॉफ्ट डिफेंडर अँटिव्हायरस (ऑफलाइन स्कॅन)' चालवावा. यात मशिन रीस्टार्ट होतं आणि विंडोज पूर्ण सुरू होण्याआधी तपासणी होते. काही व्हायरस विंडोज चालू असताना स्वतःला लपवून ठेवतात. विंडोजच झोपलेलं असलं की त्यांना लपायला आडोसा मिळत नाही. साधारण पंधरा मिनिटं लागतात. उघडी कामं आधी सेव्ह करा.

काही सापडलं तर

घाबरायचं नाही, आणि घाईने बटणही दाबायचं नाही. तीन पर्याय दिसतात. 'क्वारंटाइन' म्हणजे फाइल पकडून कोंडून ठेवणं. ती चालू शकत नाही, पण चूक झाली असेल तर परत मिळते. 'रिमूव्ह' म्हणजे कायमची काढणं. 'अलाउ ऑन डिव्हाइस' म्हणजे सोडून देणं. नवख्याने क्वारंटाइनच निवडावं. काय पकडलं, कधी पकडलं हे 'प्रोटेक्शन हिस्ट्री'त नंतर निवांत वाचता येतं.

अँटिव्हायरस चुकतो का? चुकतो. विशेषतः गावातल्या एखाद्याने बनवलेलं पतसंस्थेचं छोटं सॉफ्टवेअर त्याला संशयास्पद वाटू शकतं. अशा वेळी 'व्हायरसटोटल' या संकेतस्थळावर ती फाइल टाकली की अनेक कंपन्यांचे अँटिव्हायरस तिला एकदम तपासतात. एकट्यादुकट्याने बोट दाखवलं तर चूक असू शकते, अर्ध्याहून जास्त ओरडायला लागले तर नाही. मात्र तिथे टाकलेली फाइल सुरक्षेचा अभ्यास करणाऱ्या इतरांनाही मिळू शकते, तेव्हा सातबारा, आधार, बँकेचं पासबुक असलं काही तिथे चढवू नका.

पायरी ६: पेनड्राइव्ह

आमच्याकडे सगळ्यात जास्त व्हायरस अजूनही झेरॉक्सच्या दुकानातून घरी येतात. मी स्वतः फसलोय. एका दुकानात घाईघाईत दोन पानांची प्रिंट काढली, घरी येऊन पेनड्राइव्ह लावला, आणि आत फक्त एकच चिन्ह दिसलं: पेनड्राइव्हच्याच नावाचं, खाली डाव्या कोपऱ्यात छोटा वळलेला बाण. मला कळायला हवं होतं. हात सवयीने गेला आणि डबल क्लिक झालं. फोल्डर उघडलं, फायली दिसल्या, सगळं जागच्या जागी. दुसऱ्या दिवशी माझ्या दुकानातल्या तीन पेनड्राइव्हांवर तेच चिन्ह आलं.

याची चलाखी समजून घ्या. व्हायरस तुमची खरी फोल्डरं लपवतो आणि त्यांच्या नावाचे शॉर्टकट ठेवतो. शॉर्टकटवर डबल क्लिक केलं की आधी व्हायरस चालतो आणि लगेच खरं फोल्डर उघडून दाखवलं जातं, म्हणून आपल्याला वाटतं काही झालंच नाही. एके काळी पेनड्राइव्ह नुसता खुपसला तरी व्हायरस आपोआप चालायचा. विंडोज ७ पासून मायक्रोसॉफ्टने पेनड्राइव्हसाठी ती सोय बंद केली आणि २०११ मध्ये जुन्या विंडोजसाठीही तसं अपडेट दिलं. तेव्हापासून त्याला आपल्या डबल क्लिकची वाट पाहावी लागते, आणि आपण ते देतो.

म्हणून पेनड्राइव्ह लावल्यावर लगेच उघडायचा नाही. 'धिस पीसी'मध्ये त्याच्या नावावर राइट क्लिक, 'शो मोअर ऑप्शन्स', 'स्कॅन विथ मायक्रोसॉफ्ट डिफेंडर'. मग उघडायचा. फोल्डरवर बाण दिसला, किंवा 'टाइप'च्या रकान्यात 'फाइल फोल्डर'ऐवजी 'शॉर्टकट' दिसलं आणि आकार एक-दोन केबी असला, तर हात मागे.

फायली बहुतेक वेळा गेलेल्या नसतात, लपलेल्या असतात. फाइल एक्सप्लोररच्या 'व्ह्यू' मेन्यूतून 'शो', त्यात 'हिडन आयटम्स' चालू करा. तरी दिसल्या नाहीत तर वरच्या तीन टिंबांतून 'ऑप्शन्स', 'व्ह्यू' टॅब, आणि 'हाइड प्रोटेक्टेड ऑपरेटिंग सिस्टिम फाइल्स'ची टिक काढा. फिकट रंगाची फोल्डरं उगवतील. त्यांतले फक्त फोटो, पीडीएफ आणि कागदपत्रं कॉपी करून घ्या. शॉर्टकट आणि न ओळखीचं काही घेऊ नका. कॉपी केलेलं परत स्कॅन करा, पेनड्राइव्ह फॉरमॅट करा, आणि ती काढलेली टिक पुन्हा लावा.

त्या दिवसापासून झेरॉक्ससाठी माझा पेनड्राइव्ह वेगळा आहे. त्यात प्रिंटची फाइल सोडून काही नसतं आणि घरी आल्यावर तो उघडायच्या आधीच फॉरमॅट होतो. जाताजाता एक: आधारची प्रिंट काढायला द्यायची तर पहिले आठ आकडे झाकलेली मास्क्ड प्रत चालते का ते आधी विचारा. दुकानाच्या डेस्कटॉपवर लोकांची आधार कार्डं किती दिवस पडून असतात हे मी पाहिलं आहे.

पायरी ७: डाउनलोड आणि आलेल्या फायली

सर्वात आधी फायलींची आडनावं दिसतील असं करा. विंडोज ती लपवून ठेवतं, हे मला कधीच पटलेलं नाही. 'व्ह्यू', 'शो', 'फाइल नेम एक्स्टेन्शन्स'. आता 'पगारपत्रक.पीडीएफ' या नावाने आलेली फाइल खरं तर 'पगारपत्रक.पीडीएफ.ईएक्सई' आहे हे दिसेल. ईएक्सई म्हणजे प्रोग्रॅम. तिला पीडीएफचं लाल चित्र चिकटवणं पोरखेळ आहे. ईएक्सई, एमएसआय, बॅट, व्हीबीएस, जेएस, एलएनके ही आडनावं मेलमधून किंवा व्हॉट्सॲपवर आली तर उघडू नका, पाठवणारा मामेभाऊ असला तरी. पासवर्ड लावलेली झिप आली आणि पासवर्ड त्याच मेलमध्ये लिहिलेला असला तर जास्तच सावध व्हा. पासवर्ड लावण्याचं कारण बहुधा एवढंच असतं की अँटिव्हायरसला आत डोकावता येऊ नये.

मराठी माणसाची खास पायवाट म्हणजे फॉन्ट आणि टायपिंग. 'फ्री मराठी फॉन्ट डाउनलोड' शोधलं की अशा पानांवर पोचायला होतं जिथे हिरव्या रंगाची चार 'डाउनलोड' बटणं असतात आणि त्यातली तीन जाहिराती. फॉन्टची फाइल टीटीएफ किंवा ओटीएफ असते. फॉन्ट म्हणून ईएक्सई उतरली तर ती डिलीट करा. आणि नुसतं मराठी टाइप करायचं असेल तर बाहेरून काही आणायची गरजच नाही. 'सेटिंग्ज', 'टाइम अँड लँग्वेज', 'लँग्वेज अँड रिजन' इथे मराठी भाषा जोडा. २०१९ पासून विंडोजमध्ये मराठीचा फोनेटिक कीबोर्डही आहे, इंग्रजी अक्षरांत लिहिलं की देवनागरी उमटतं.

घरात मुलं मशिन वापरत असतील तर त्यांना 'स्टँडर्ड' प्रकारचं वेगळं खातं करून द्या. काही बसवायचं झालं की तुमचा पासवर्ड मागितला जाईल. गेमचे 'मॉड' (गेममध्ये फेरफार करणाऱ्या फायली) उतरवण्याचा वेग त्याने निम्म्यावर येतो.

पायरी ८: खोट्या सूचना ओळखा

अचानक पूर्ण स्क्रीन व्यापणारं पान, भोंग्यासारखा आवाज, 'तुमचा कॉम्प्युटर लॉक झाला आहे, या क्रमांकावर फोन करा'. मायक्रोसॉफ्ट आपल्या कुठल्याही इशाऱ्यात फोन नंबर देत नाही. हे एक वाक्य घरातल्या मोठ्यांना पाठ करून घ्यायला सांगा. ते पान म्हणजे नुसतं वेबपेज असतं. एस्केप काही वेळ दाबून धरा, नाहीतर कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकत्र दाबून टास्क मॅनेजरमधून ब्राउझर बंद करा. परत उघडताना जुनी पानं आणू का असं विचारलं तर नाही म्हणा.

दुसरा प्रकार: कोपऱ्यात दर दहा मिनिटांनी '५ व्हायरस सापडले' अशी चिठ्ठी. हा बहुतेकदा ब्राउझरच्या नोटिफिकेशनचा खेळ असतो. कधीतरी एखाद्या साइटला आपण 'अलाउ' म्हटलेलं असतं. क्रोममध्ये 'सेटिंग्ज', 'प्रायव्हसी अँड सिक्युरिटी', 'साइट सेटिंग्ज', 'नोटिफिकेशन्स' इथे जाऊन अनोळखी नावं काढून टाका. 'व्हायरस काढून द्या' म्हणून आलेल्या लोकांचं काम मी अनेकदा एवढ्यातच केलं आहे, आणि त्याचे पैसे घ्यायला मला जडही जातं.

तिसरा प्रकार अलीकडचा आणि फार वाईट. 'तुम्ही रोबोट नाही हे सिद्ध करा' म्हणून एक पान येतं आणि सांगतं: विंडोजचं बटण आणि आर दाबा, मग कंट्रोल-व्ही, मग एंटर. त्या पानाने तुमच्या नकळत एक हुकूम कॉपी करून ठेवलेला असतो, आणि तुम्ही तो स्वतःच्या हाताने विंडोजला देता. तुम्हीच चालवल्यामुळे काही वेळा अँटिव्हायरसही गाफील राहतो. कुठलीही खरी तपासणी तुम्हाला हे करायला सांगत नाही.

विकतचा घ्यावा का?

घरी एकच लॅपटॉप, काम म्हणजे बँक, यूट्यूब, मुलांचे प्रोजेक्ट: डिफेंडर पुरे. हे मी विकतचे खोके विकणारा माणूस असून सांगतोय. विकतचा घ्यायचा तो काही नेमक्या कारणांसाठी. चार-पाच मशिनांचं छोटं ऑफिस असेल, मुलांच्या नेटवर देखरेख हवी असेल, किंवा अडलं तर फोन करून आपल्या भाषेत विचारता यावं असं वाटत असेल. आपल्याकडे या धंद्याला जुनी परंपरा आहे. क्विक हील उभी केली ती कैलाश आणि संजय काटकर या भावांनी, पुण्यात कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान चालवता चालवता. ई-स्कॅन मुंबईचा, के-७ चेन्नईचा. निवड करताना दुकानदाराच्या (म्हणजे माझ्याही) शब्दावर जाऊ नका. जर्मनीची एव्ही-टेस्ट आणि ऑस्ट्रियाची एव्ही-कंपॅरेटिव्ह्ज या संस्था नियमित चाचण्या घेऊन निकाल जाहीर करतात, ते पाहा. घेतल्यावर मुदत कधी संपते ती तारीख लॅपटॉपच्या पाठीला कागद चिकटवून लिहा, आणि कार्डावरून आपोआप नूतनीकरण होणार आहे का ते तपासा.

पायरी ९: फायलींची दुसरी प्रत

जून २०१७ मध्ये 'नॉटपेट्या' नावाच्या हल्ल्याने जगभरच्या कंपन्यांची कामं ठप्प केली, त्यात न्हावाशेवाच्या जेएनपीटी बंदरातल्या एका टर्मिनलचंही काम अडकलं. तिथे सुरक्षेवर खर्च करणारी माणसं होती. आपल्या घरी नाहीत. म्हणून फोटो, हिशेब, प्रमाणपत्रं यांची एक प्रत बाहेरच्या हार्डडिस्कवर घ्या आणि काम झालं की ती डिस्क काढून कपाटात ठेवा. कायम जोडून ठेवलेली डिस्क रॅन्समवेअर त्याच झपाट्यात कुलूपबंद करतो. महिन्यातून एकदा, वीजबिल भरायच्या दिवशी, असं ठरवून टाकलं की लक्षात राहतं.

डिफेंडरमध्ये 'रॅन्समवेअर प्रोटेक्शन' खाली 'कंट्रोल्ड फोल्डर ॲक्सेस' नावाची सोय आहे. ती चालू केली की अनोळखी प्रोग्रॅमला 'डॉक्युमेंट्स', 'पिक्चर्स' अशा फोल्डरांत ढवळाढवळ करता येत नाही. पहिले काही दिवस एखादं तुमचं नेहमीचं सॉफ्टवेअरही अडेल. तेवढ्याला तिथूनच परवानगी द्या, सोय बंद करू नका.

आणि तरीही शिरलाच तर

वायफाय बंद करा. त्या मशिनवर बँक किंवा मेल उघडू नका. ऑफलाइन स्कॅन चालवा. मग दुसऱ्या मशिनवरून 'मायक्रोसॉफ्ट सेफ्टी स्कॅनर' आणून तोही चालवा. डाउनलोड केल्यापासून दहा दिवसांनी तो कालबाह्य होतो, म्हणून जुना जपून ठेवू नका. केंद्र सरकारच्या सायबर स्वच्छता केंद्राच्या संकेतस्थळावरही सफाईची साधनं फुकट मिळतात. पासवर्ड बदला, पण मोबाइलवरून, आणि मेलचा सगळ्यात आधी, कारण बाकीचे पासवर्ड मेलवरूनच बदलता येतात. खात्यातून पैसे गेले असतील तर बाकी सगळं सोडून सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, १९३० ला, फोन. पैसे पुढे सरकायच्या आत अडवता येतात का, ते किती लवकर कळवलं यावर ठरतं. दोन स्कॅननंतरही लक्षणं तीच असतील तर फायली काढून घेऊन विंडोज नव्याने टाकणं हेच कमी कटकटीचं.

गुरुजींच्या मशिनवर आम्ही तेच केलं. दोन आठवड्यांनी त्यांचा फोन आला, आवाजात काळजी. "अरे, ढालीवर पिवळा त्रिकोण आलाय." त्यांना ढाल उघडायला लावली आणि काय लिहिलंय ते वाचून दाखवायला सांगितलं. त्यांनी शाळेत प्रार्थना म्हणावी तसं एकेक शब्द सुटा करून वाचलं. वनड्राइव्ह जोडा, अशी नुसती सूचना होती. त्याखाली 'डिसमिस' असतं, ते दाबलं की त्रिकोण जातो. त्यांनी दाबलं, त्रिकोण गेला. मग म्हणाले, "आणि ती यादी रिकामीच आहे हो, रोज बघतो."